चाकांवरचे बिऱ्हाड

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे एक म्हण आहे. गावोगाव बदल्या होणाऱ्या माणसाविषयी बोलताना ती काहीशा कीव आल्याच्या स्वरात वापरली जाते. परंतु आयुष्याची चौतीस वर्षे पुण्यातील एकाच कचेरीत, जवळजवळ एकाच खुर्चीवर काढल्यानंतर त्या विंचवाचा मला हेवा वाटू लागला होता. मुले आपापल्या संसारात रमली होती. घरात आम्ही दोघेच उरलो होतो, आणि दोन माणसांच्या घरात संध्याकाळी जी शांतता पसरते ती नेहमीच समाधानाची असते असे नाही. अशाच एका संध्याकाळी मी पत्नीस म्हणालो, "आपण आपले घरच चाकांवर बसवले तर?"

ती हसली, पण "नाही" म्हणाली नाही. चाळीस वर्षांच्या सहवासानंतर एवढी संमती पुरेशी असते.

एक जुनी परंतु धड स्थितीतील व्हॅन आम्ही विकत घेतली. नोंदणी झालेल्या वाहनात परवानगीवाचून फेरफार करणे कायद्यास मान्य नाही, म्हणून गाडीच्या मूळ बांधणीस हात लावला नाही. ओळखीच्या सुताराकडून उचलून ठेवता येईल अशी फळ्यांची बैठक करून घेतली. दिवसा ती बाक आणि रात्री बिछाना. खाली दोन पेट्या: एकीत कपडे, दुसरीत तांदूळ, डाळ, तिखट-मीठ आणि चहा-साखर. पाच किलोची लहान गॅसटाकी, पाण्याची दोन पिंपे, टपावर सूर्यप्रकाशावर चालणारी एक तबकडी आणि तिच्यावर जळणारे दोन दिवे. झाला आमचा बंगला! परदेशांत अशा गाड्यांची मोठी चाल आहे. आपल्याकडेही महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरॅव्हान पर्यटनाचे धोरण जाहीर केले. पण आमच्या गाडीस ते भारदस्त नाव शोभत नव्हते. नातेवाइकांनी तर विचारलेच, "हॉटेले काय ओस पडली आहेत?"

कोठे जावयाचे, हा प्रश्न मात्र पत्नीने क्षणात सोडवला. "निपाणीकडे जाऊ," ती म्हणाली. तिचे शिक्षण निपाणीत झाले. परंतु मला ठाऊक होते की, निपाणीच्या पाठीमागे तिने न उच्चारलेले एक दुसरेच गाव उभे आहे.

ते गाव आज नकाशावर नाही. घटप्रभा नदीच्या काठी हुक्केरी तालुक्यात ते होते. माझे सासरे तेथे प्राथमिक शाळेत मास्तर होते. घरात मराठी, शाळेत कन्नड, अंगणात दोन्ही, असे माझ्या पत्नीचे बालपण. ती नऊ वर्षांची असताना हिडकल येथील धरणासाठी गाव उठले. तिची आठवण अशी की, शेवटच्या सकाळी वडिलांनी शाळेच्या दारास कुलूप घातले, किल्ली खिशात टाकली आणि रडणाऱ्या लेकीस सांगितले, "रडू नको. मे महिन्याच्या सुटीत पुन्हा येऊ." तो मे महिना कधी आला नाही. वडिलांची बदली निपाणीस झाली. तिने पुढे दोन-तीनदा विचारले, तेव्हा ते एकदम कठोर होऊन म्हणाले, "आता तेथे काही नाही. तो विषय काढावयाचा नाही." तिने तो पुन्हा काढला नाही. परंतु बाबांनी आपल्याला फसवले आणि गाव हसत-हसत पाण्याला देऊन टाकले, हा सल तिच्या मनात राहिला. वडिलांची सेवा तिने मनापासून केली. त्यांना जाऊन आता वीस वर्षे झाली आहेत. पण ती गाठ काही सुटली नव्हती.

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही निघालो. कोल्हापूर, कागल मागे पडले आणि दूधगंगेच्या पुलापाशी राज्याची सीमा ओलांडली. नदीला अर्थातच ती सीमा माहीत नाही. दोन्ही बाजूंस तोच ऊस, तीच काळी माती आणि तीच कौलारू घरे. फक्त पाट्यांवरील अक्षरे वळणदार झाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हापासून या भागातील माणसे मनाने आणि कागदोपत्री अशा दोन पत्त्यांवर राहतात. महाजन आयोगाचा १९६७ सालचा अहवाल, २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा, हे सारे वाचकांस ठाऊकच आहे. त्याचा ऊहापोह येथे नको. आम्ही माणसे पाहावयास निघालो होतो.

यमगर्णीपाशी वेदगंगा ओलांडली की निपाणी येते. या गावाची ओळख डोळ्यांआधी नाकाला पटते. वखारींतून येणारा तंबाखूचा तो उग्र, गोडसर दर्प! पत्नीने काच खाली करून दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "शाळेतून येताना हाच वास घरापर्यंत सोबत करायचा." घरोघरी सुपात पाने घेऊन बिड्या वळणाऱ्या बायकांच्या बोटांवर या गावाचे अनेक संसार उभे राहिले. १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादकांनी येथे महामार्ग अडवून भावासाठी मोठे आंदोलन केले. ६ एप्रिल रोजी गोळीबार झाला आणि शेतकऱ्यांचे बळी गेले. आज त्याच रस्त्यावरून गाड्या धावतात. धावणाऱ्यांपैकी कितींना ते आठवत असेल?

पहिला मुक्काम आम्ही तवंदीच्या घाटाजवळ केला. येथील स्तवनिधी हे दिगंबर जैनांचे जुने तीर्थक्षेत्र. ज्या इंदिरा संतांनी मराठी कवितेत स्त्रीच्या एकाकी मनाचा इतका संयत आविष्कार केला, त्यांचेही तवंदीशी नाते होते, असे पत्नीने सांगितले आणि ती बराच वेळ त्या डोंगराकडे पाहत राहिली. रात्री रस्त्याकडेच्या एका शेतात गाडी उभी करावयाची परवानगी मागितली. शेतकरी म्हणाला, "ऱ्हावा की! पर हितं धनगर बी बसल्यात, कुत्री भुकतील."

खरोखरच पलीकडच्या वावरात मेंढरांचा कळप बसवला होता. खतासाठी शेतकरी धनगरांना असे आपल्या रानात बोलावतात आणि मोबदल्यात धान्य किंवा पैसे देतात. दोन घोडी, त्यांच्यावरून उतरवलेली वाकळांची गाठोडी, तीन दगडांची चूल, जाळीखाली निजलेली कोकरे आणि कोकरांशेजारी निजलेले तान्हे मूल. आमच्या गाडीतील निळा दिवा पाहून एक धनगरीण जवळ आली. तिने आत डोकावून सारे न्याहाळले आणि पत्नीस विचारले, "घर न्हाई व्हय तुमास्नी?"

"आहे की," पत्नी म्हणाली.

"मग असं का हिंडतासा?"

या प्रश्नास आम्हा दोघांपाशीही उत्तर नव्हते. आमची हौस ही तिची रोजची भाकरी होती. पत्नीने तिला चहा दिला. तिने जाताना वाटीभर दूध आणून ठेवले. त्या रात्री आमच्या फळ्यांच्या बिछान्याचा तोरा बराच उतरला.

दुसऱ्या दिवशी संकेश्वर गाठले. आंबोलीस उगम पावलेली हिरण्यकेशी गडहिंग्लजवरून येथे येते. या नदीच्या उगमाजवळच्या कुंडात २०२० साली माशाची एक नवी जात शास्त्रज्ञांनी जगापुढे आणली आणि तिला नदीचेच नाव दिले, हे वाचल्याचे मला आठवले. येथे तिचे पात्र मे महिन्यामुळे कृश झाले होते. शंकरलिंगाचे प्राचीन देवालय पाहून आम्ही डावीकडे वळलो. पत्नी बोलेनाशी झाली होती.

हिडकलचा जलाशय अकस्मात समोर येतो. तांबड्या, उघड्या टेकड्यांमध्ये पसरलेली निळाई! वंटमुरीचे राजे लखमगौडा सरदेसाई यांचे नाव या जलाशयास दिलेले आहे. धरण १९७७ साली पूर्ण झाले; त्याची साठवण सुमारे ५१ अब्ज घनफूट. बेळगाव आणि बागलकोट जिल्ह्यांतील कोरडवाहू जमिनींवर आज जो हिरवा रंग दिसतो, त्यातला फार मोठा भाग या पाण्याचा आहे. बेळगाव शहरालाही येथून पिण्याचे पाणी जाते. तेव्हा धरण नको होते, असे कोणता शहाणा म्हणेल? पण जेव्हा जेव्हा आपण "प्रकल्प पूर्ण झाला" असे वाचतो, तेव्हा त्या वाक्याच्या तळाशी काही चुली, काही उंबरे आणि एखादी शाळा असते, हेही विसरू नये.

पाणी उतरले की हुन्नूरचे जुने विठ्ठलमंदिर वर येते. पावसाळ्यात ते बुडते, उन्हाळ्यात पुन्हा दिसू लागते. दरवर्षी असे पाण्यात राहूनही त्याचे दगड अजून जागच्या जागी आहेत. आम्ही काठावर गाडी उभी केली तेव्हा दूरवर ते दिसत होते. त्याच्या अलीकडे भेगाळलेल्या चिखलाचे मैदान, आणि त्या मैदानातच कोठेतरी तिचे गाव.

"उतरायचे ना?" मी विचारले.

तिने पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले. "अहो, नको. चला येथून."

"एवढ्या लांब येऊन?"

"डोळ्यांत आहे ते तरी राहू द्या."

मी गाडी वळवली. त्या क्षणी मला थोडा रागही आला, हे प्रांजळपणे सांगतो. शेकडो मैल आलो ते काय काठावरून परतण्यासाठी? पण काही दारे बाहेरून लोटावयाची नसतात, हे संसारात मी उशिरा का होईना, शिकलो होतो.

घटप्रभेच्या काठाकाठाने आम्ही गोकाककडे निघालो. वाटेत धुपदाळ येथे १८९७ सालचा बंधारा आहे. त्याच्या फुगवट्यावरील बेटांमध्ये हिवाळ्यात दूरदेशीचे करकोचे आणि क्रौंच उतरतात. आम्ही गेलो तेव्हा बगळ्यांखेरीज कोणी नव्हते. गोकाकचा धबधबा पावसाळ्यात घोड्याच्या नालासारख्या कड्यावरून सुमारे ५२ मीटर खाली कोसळतो आणि त्याचा गडगडाट दूरवर ऐकू जातो. मे महिन्यात मात्र कड्यावरून दोन-चार रुपेरी दोरे लोंबत होते. म्हणून निराश होण्याचे कारण नाही, कारण पाणी नसताना कडा दिसतो. युगानुयुगे नदीने कोरलेले थर, पाषाणातील रांजणखळगे, काठावरील चालुक्यकालीन देवालय आणि दरीवर टांगलेला जुना झुलता पूल, हे सारे शांतपणे न्याहाळता आले. १८८५ साली येथे कापूस गिरणी निघाली आणि पुढे याच प्रपाताच्या बळावर तिची यंत्रे फिरू लागली. आम्ही डिंक आणि सुक्या मेव्याचा प्रसिद्ध करदंट विकत घेतला आणि वडाच्या सावलीत गाडीमागे भात शिजवला. पत्नीने दोन घास खाल्ले.

बेळगावात दोन दिवस राहिलो. या शहराचे अधिकृत नाव नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झाले आहे. जिभेवर मात्र जुने नावच बसले आहे. किल्ल्यात १२०४ सालची कमल बस्ती पाहिली. रट्ट राजांच्या काळातील या जैन मंदिराच्या छतातून दगडी कमळ असे खाली झुकले आहे की, पाकळी गळून पडेल म्हणून हात पुढे करावासा वाटतो. त्याच कोटाच्या आत असदखानाची सफा मशीद आहे. १८९२ साली विवेकानंद या शहरात आले होते, त्या वास्तव्याची स्मृतीही किल्ल्यातील आश्रमाने जपली आहे. १९२४ सालचे काँग्रेसचे अधिवेशन येथेच भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले ते एकमेव अधिवेशन. त्यासाठी खणलेली विहीर टिळकवाडीकडे आजही आहे. संध्याकाळी कोटाच्या तलावाकाठी बसलो. शेजारच्या बाकावर दोन वृद्ध मित्र गप्पा मारीत होते. एक कन्नडमध्ये विचारी, दुसरा मराठीत उत्तर देई आणि दोघेही एकाच वेळी हसत. ही मैफल ऐकताना पत्नीच्या चेहऱ्यावर प्रथमच हसू उमटले. "आमच्या अंगणात असेच बोलणे चाले," ती म्हणाली.

नंतर आम्ही पश्चिमेस वळलो. शहरास पाणी पाजणारा मार्कंडेय नदीवरील राकसकोप तलाव, त्याच्या पलीकडे वैजनाथाचा डोंगर आणि महिपाळगड. पुढे जांबोटीचे रान. येथून देखावा पालटतो. तांबडी माती, गर्द झाडी, करवंदांच्या जाळ्या, पिकलेल्या जांभळांचा सडा आणि हवेत ओलसर थंडावा. याच खानापूर तालुक्यात भीमगडचे अभयारण्य आहे. तेथील बारापेडे गुहांत दुर्मिळ वटवाघळांची एक जात राहते. रस्त्याकडेला एका मुलीने पानाच्या द्रोणात करवंदे विकावयास मांडली होती. पत्नीने पाचही द्रोण घेतले आणि त्यातली अर्धी करवंदे त्याच मुलीबरोबर बसून खाल्ली.

कणकुंबी हे सुमारे आठशे मीटर उंचीवरील लहानसे गाव. येथे माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते. एका कुंडातील निश्चल पाणी. हीच का ती नदी, जी पुढे सौंदत्तीजवळ नविलुतीर्थाचा विशाल जलाशय भरते आणि कूडलसंगम येथे कृष्णेस मिळून थेट पूर्वसमुद्रास जाते? या गावाचे वैशिष्ट्य असे की, येथून थोड्या अंतरावर पडलेला पावसाचा दुसरा थेंब म्हादईत उतरतो आणि गोव्यातून पश्चिमसमुद्रास मिळतो. शेजारी पडलेल्या दोन थेंबांची अखेर शेकडो कोसांनी दुरावते. या पाण्याच्या वाटणीवरून राज्यांत वाद झाला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी लवादाने निवाडा दिला. तरी वाद पुरता शमलेला नाही.

त्या संध्याकाळी चोर्ल्याच्या घाटाकडे निघालो असता गाडीने दगा दिला. पाण्याची नळी फुटली आणि बॉनेटमधून वाफ उसळली. तोच आभाळ काळवंडले आणि वळवाचा पाऊस सुरू झाला. कसला तो पाऊस! झाडे वाकू लागली, पन्हाळीतून पडावे तसे पाणी काचेवर पडू लागले आणि रस्त्याचा ओढा झाला. मागे जाता येईना, पुढे जाता येईना. सुदैवाने गाडी वळणाआधीच्या रुंद जागेत थांबली होती. धोक्याचे दिवे लावून आम्ही आत बसून राहिलो. चाळीस वर्षांत आम्ही दोघे इतके जवळ आणि इतके निरुपाय असे क्वचितच बसलो असू.

त्या गडगडाटात पत्नी एकाएकी बोलू लागली. गावातल्या घराच्या पडवीत असाच आवाज येई, असे म्हणाली. आईचे जाते तेथेच राहिले, कारण बैलगाडीत जागा नव्हती. मैत्रिणीला दिलेली बाहुली परत घ्यावयाची राहिली. आणि मग, "मला त्या पाण्याचा राग नाही हो. पाण्याने दुसऱ्यांची शेते भिजवली. मला बाबांचा राग आहे. त्यांना काहीच कसे वाटले नाही?"

मी काही बोललो नाही. समजूत घालावयाची ती वेळ नव्हती. थोड्या वेळाने ती स्वतःच म्हणाली, "परत जाताना हिडकलवरून जाऊ. या वेळी उतरते मी."

सकाळी जांबोटीहून एक कारागीर आला. माझ्याशी मराठीत, हाताखालच्या पोराशी कन्नडमध्ये आणि तेथे थांबलेल्या गोव्याच्या ट्रकचालकाशी कोकणीत बोलत त्याने तासाभरात नळी बदलली. पैसे घेताना म्हणाला, "काकी, नवी नळी बेळगावात घाला. ही घरापतोर पोचवील, पन्नास-साठच्या वर पळवू नका." एवढा स्वच्छ सल्ला मला शहरात पैसे मोजूनही मिळालेला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पुन्हा त्या काठावर होतो. या वेळी ती माझ्या आधी उतरली. वहाणा हातात घेऊन भेगाळलेल्या गाळावरून आम्ही चालू लागलो. पायांखाली शिंपले कुरकुरत होते. कोठे भिंतीचा पाया, कोठे विहिरीचा गाळाने भरलेला काठ, कोठे खापरांचे तुकडे. तिला काही ओळखू येईना. पन्नास वर्षांच्या पाण्याने साऱ्या खुणा सारख्याच करून टाकल्या होत्या. ती भांबावून उभी राहिली.

जवळच एक वृद्ध म्हशी राखीत होता. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्यास पटका, हातात काठी. पत्नीने त्यास कन्नडमध्ये शाळेची जागा विचारली. त्याने तिच्याकडे निरखून पाहिले आणि विचारले, "नी मास्तर मगळेनव्वा?" तू मास्तरांची लेक का गं, बाई?

ती थक्क झाली. म्हातारा हसून म्हणाला की, शाळेची जागा विचारीत येणारे आजवर एकच माणूस त्याने पाहिले होते. मग तो सांगू लागला आणि पत्नी मला मराठीत सांगू लागली. नंतर तिने सांगणे सोडून दिले, तरी मला समजत गेले. पाणी उतरले की दर मे महिन्यात मास्तर एक दिवस येत. सकाळच्या गाडीने येत, दुपारच्या गाडीने जात. शाळेच्या जोत्यावर छत्री उघडून बसत. खिशात शाळेची किल्ली असे. ती काढून पाहत आणि पुन्हा ठेवीत. "कुलूप कोठे, दार कोठे! पण किल्ली आणीत." गुडघे चालेनासे झाले तेव्हा येणे थांबले. एकदा या म्हाताऱ्याने विचारले होते की, मास्तर, पोरीला का आणीत नाही? तेव्हा ते म्हणाले होते, "ती विसरली आहे. विसरली आहे तेच बरे. तिला कशाला पुन्हा रडवू?"

दर मे महिन्यात उत्तरपत्रिका तपासण्याच्या कामासाठी म्हणून बाबा एक दिवस बाहेरगावी जात, हे पत्नीस आठवत होते. घरात कोणी कधी त्याची चौकशी केली नव्हती.

म्हाताऱ्याने काठीने एक दगडी जोते दाखवले. चार हात लांब, दोन पायऱ्या शाबूत. ती त्यावर जाऊन बसली. मी थोडा दूरच थांबलो. समोर मंदिराच्या कळसावर एक पाणकावळा पंख पसरून ऊन खात होता. ती रडली की नाही, हे मी पाहिले नाही. परत आली तेव्हा तिच्या मुठीत पांढरा, गुळगुळीत शिंपला होता. म्हणाली, "ते वचन मोडले नव्हते हो. मे महिन्यात येतच होते. फक्त मला सोडून येत होते."

म्हाताऱ्याला आम्ही करदंटाचा पुडा दिला. त्याने तो कपाळास लावला आणि म्हणाला, "उद्या पाऊस लागला की हे सगळे पुन्हा खाली. पुढच्या वर्षी या."

त्या रात्री निपाणीच्या अलीकडे आम्ही शेवटचा मुक्काम केला. गाडीतील निळ्या दिव्याखाली पत्नीने पिठले-भात केला आणि ती बोलत राहिली. बाबांविषयी, शाळेविषयी, त्या बाहुलीविषयी. इतकी वर्षे मी तिच्याबरोबर एका छपराखाली राहिलो, पण तिच्या घरी मी त्या रात्री प्रथम गेलो.

वाचकहो, प्रवासाला निघताना आम्ही काय काय बरोबर घ्यावे याची मोठी यादी केली होती. त्यातले निम्मे सामान लागलेच नाही. पाण्याची पिंपे, चांगली दोरी, विजेरी आणि सुटी नाणी, एवढे असले म्हणजे या भागात कोणाचे काही अडत नाही. बाकीचे माणसे पुरवतात. मे महिन्यात गेलात तर धबधबे कृश दिसतील, परंतु बुडालेले दिसेल. पावसाळ्यानंतर गेलात तर याच्या उलट. दोन्ही पाहण्यासारखे आहे.

आणि आणखी एक. आपल्या माणसास दुःख होऊ नये म्हणून आपण कित्येक गोष्टी त्याच्यापासून लपवून ठेवतो. बाप लेकीसाठी गप्प राहतो, लेक बापासाठी गप्प राहते, आणि दोघांच्या मधे उगाच पाणी भरत जाते. त्या पाण्याच्या तळाशी काय आहे, ते वेळीच एकमेकांस विचारावे. सर्वांनाच दर उन्हाळ्यात उघडे पडणारे जोते मिळते असे नाही.

आमची गाडी सध्या दारात उभी आहे. नळी नवी बसवली आहे. पुढच्या मे महिन्याचा दिवसही पत्नीने दिनदर्शिकेवर खुणावून ठेवला आहे. या वेळी नातवंडांनाही न्यावयाचे, असे ती म्हणते. फळ्यांचा बिछाना थोडा रुंद करावा लागेल, एवढेच.